गुणवंतले अक्षत

झिंगाबाई टाकळी, नागपूर
१० मार्च २०२५

चि. सौ. शोभीले महादेवचा आशीर्वाद.

अक्षर पाहून दचकू नको वं. माह्या हाताले कंप सुटते, म्हणून सांगून राहिलो मी अन् लिहून राहिला हा. हा म्हणजे माणूस नव्हे. माह्या पोरानं, रोशननं, हैदराबादवरून मशीन पाठवलं हाय, पण माणसासारखं. नाक, डोळे, हातपाय, सारं हाय. त्याच्या कंपनीतच बनते ते. म्हाताऱ्याच्या घरी टिकते का, हे पाहायले माह्याकडे ठेवलं हाय. आता मशीन टिकते का पाहून राहिले का म्हातारा, ते रोशनलेच ठाऊक.

कंपनीनं त्याले नंबर दिला होता. मी गुणवंत म्हणतो. तुह्या वहिनीनं ते नाव दुसऱ्या पोरासाठी काढून ठेवलं होतं. दुसरं पोरगं काही झालं नाही, नाव घरात पडूनच होतं.

(काका येथे थांबले व चष्मा पुसू लागले. "हे लिहू नको," असे ते म्हणाले, परंतु तोपर्यंत लिहून झाले होते. लिहिलेले खोडणे मला शिकवलेले नाही. — लेखनिक)

बाकी ठीक. तुह्या पिंकीचं जुळलं म्हणते. पत्रिका आली ना, व्हॉट्सॲपवर. फॅमिली ग्रुपमध्ये, गॅस सिलिंडरच्या मेसेजखाली. छान हाय पत्रिका. पहिले अक्षत घेऊन भावाच्या दारी यायचे लोक. आता जमाना बदलला. मले काही नाही.

(हे शेवटचे वाक्य काकांनी पुष्कळदा सांगितले. कागद लहान असल्याने एकदाच लिहीत आहे.)

लग्नाले मात्र येणं जमणार नाही. त्याच तारखेले काम निघालं.

(कोणते काम, असे मी विचारले. काका म्हणाले, "निघंन काहीतरी, तुले काय करायचं बे?" हेही लिहायचे नव्हते, असे आता कळले.)

तुझा भाऊ,
महादेव


पारशिवनी
१७ मार्च २०२५

जो कोणी लिहून राहिला त्याले,

बापा, तू मशीन अस का माणूस, मले तुह्याच संगं बोलायचं हाय. हे पत्र भाऊले दाखवू नको. मी त्याची लहान बहीण. माह्या कानाचं तुले ठाऊक नसंन. फोनवर अर्धं ऐकू येते, अर्धं मी मनानं लावते, अन् मंग भांडण होते. म्हणून आम्ही भाऊबहीण कागदावरच बोलतो. भाऊ कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये लागला तेव्हापासूनची रीत हाय.

तुह्या पत्रानं मी येवढी हसली का पिंकी आतून धावत आली. आजपर्यंत भाऊ जे लिहू नको म्हणे ते मले अंदाजानं समजून घ्यावं लागे. आता तू सरळ लिहून टाकतं. लय चांगलं.

पण लग्नाले येत नाही म्हणते तो? पिंकीले एकच मामा हाय. अंतरपाट धरला का पोरीच्या पाठीशी मामा उभा राहते. तो नसला तर मी काय शेजारच्याले उभा करू? पोरगी आतापासूनच विचारून राहिली, मामा येईन ना आई? मी हो म्हणून बसली.

अन् त्याले सांगजो, व्हॉट्सॲप पहिले कोणी केलं? मागच्या साली माह्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरलेच झालं. दवाखाना त्याच्या घरापासून ऑटोनं जवळ. सारं गाव भेटून गेलं. भावानं काय पाठवलं? फुलाचा फोटो! वर 'लवकर बरे व्हा' लिहिलेला. म्हणून मीही फोटो पाठवला पत्रिकेचा. फिटंफाट.

खरं खरं लिही. तो कसा हाय? जेवते का?

शोभा


नागपूर
२४ मार्च २०२५

माननीय शोभाताई यांना सादर प्रणाम.

आपले पत्र मिळाले. काकांनी विचारले, "कोणाचं हाय?" मी सांगितले, "शोभाताईंचे, परंतु तुम्हाला दाखवू नको असे त्यात आहे." त्यानंतर काका बराच वेळ माझ्या आजूबाजूला कपाट आवरत होते. कपाट आधीच आवरलेले होते.

काका जेवतात. मात्र रविवारी पोह्यांवर आवडीची झणझणीत तर्री घेतली नाही. शेजारच्या भैय्याजींच्या मते ही गंभीर बाब आहे.

भैय्याजींनी मला विचारले, "तुम्ही कोणते?" मी म्हणालो, तिसऱ्या तुकडीतला. ते म्हणाले, "तसं नाही, आडनाव काय?" आडनाव नाही असे सांगताच ते फार अस्वस्थ झाले. मग गाव विचारले. हैदराबाद म्हणालो. "तिथले आपले लोक कोणते?" असा पुढचा प्रश्न होता. शेवटी काका आतून ओरडले, "आमचा, घाटोळ्यांचा हाय तो! अजून काही?" त्यावर भैय्याजींचे समाधान झाले. मी घाटोळ्यांचा आहे, हे मला त्याच दिवशी कळले.

आता एक अडचण. मला राग, दुःख, आनंद, भीती यांच्या खुणा शिकवलेल्या आहेत. काकांच्या चेहऱ्यावर यातले काहीच पूर्ण जुळत नाही. ते लग्नाला जाणार नाहीत म्हणतात, आणि कोसा रेशमाचे जाकीट काढून उन्हात टाकतात. पत्रिका पाहायची नाही म्हणतात, आणि भिंग घेऊन त्यात स्वतःचे नाव पाहतात. विचारले तर "मले काही नाही." भैय्याजी म्हणाले, "रुसला हाय तो." हा शब्द माझ्या शिक्षणात नव्हता. कृपया कळवावे, रुसणे म्हणजे काय?

फुलांच्या फोटोबद्दल. काका दवाखान्यात आले होते. तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आले. तुमच्या डोळ्यावर पट्टी पाहिली आणि त्यांना काकूंचे शेवटचे आजारपण आठवले. पाय पुढे गेले नाहीत. खाली टपरीवर बसून त्यांनी तो फोटो पाठवला आणि परत आले. हे त्यांनी मला पोहे खाताना सांगितले. मग म्हणाले, "शोभीले सांगशील तर तुही बॅटरी काढून कूलरले लावीन." माझी बॅटरी कूलरला बसत नाही, म्हणून कळवीत आहे.

आपला आज्ञाधारक,
गुणवंत


पारशिवनी
१ एप्रिल २०२५

बापा गुणवंता,

मले ताई म्हणू नको. भाऊले काका म्हणतं, तर मी तुही आत्या झाली.

तुझं पत्र वाचून मी ओसरीवर बसून लय रडली. डॉक्टरनं सांगितलं होतं, नव्या भिंगाले जपा. काही नाही जपलं. दारापर्यंत येऊन वापस गेला माझा भाऊ! अन् मी मेली वर्षभर त्या फुलाच्या फोटोले शिव्या देऊन राहिली. पिंकीच्या बाबांले सांगितलं तर ते म्हणतात, मी तेव्हाच म्हटलं होतं. त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

आता तुही शिकवणी. राग कोणाचाही येते. ऑटोवाल्याचा येते, नळाचा येते. रुसणं तसं नसते. रुसणं फक्त आपल्या माणसावर. परक्यावर रुसून काय फायदा, तो थोडीच मनवायले येणार हाय? रुसलेला माणूस कधी सांगत नाही का मी रुसलो. तो म्हणते, मले काही नाही. तोंड फिरवते, आवडीचं खात नाही, पण कान दाराकडे असते. अन् मनवायले गेलं का पहिल्या झटक्यात मानायचं नाही. तेवढा मान ठेवावा लागते.

दुसरी गोष्ट. ऐकलं ते सारंच लिहायचं नसते, बापा. या वेळी लिहिलं ते बरं झालं, मी तुह्यावर खूश हाय. पण काही गोष्टी पोटात ठेवाव्या. कोणत्या, ते हळूहळू समजते. मले पन्नाशीनंतर समजलं.

येत्या रविवारी मी अन् पिंकी अक्षत घेऊन येऊन राहिलो. भाऊले सांगू नको. पण त्याले दाढी करायले लावजो.

तुझी आत्या


नागपूर
१३ एप्रिल २०२५

शोभे,

हे पत्र माह्या हातानं हाय. मुंग्या चालल्यासारखं अक्षर दिसते, तसंच वाच. काहून का लिहिणारा लिहून नाही राहिला.

तू आली, अक्षत दिली, मी मानलो, सारं झालं. दुसऱ्या झटक्यात मानलो म्हणून पिंकी हसली, हसू दे. मामा उभा राहीन म्हणून सांगितलं, तेही झालं. पण शोभे, तू माह्या घरात काय करून गेली ते तुले ठाऊक हाय का?

तू मले अक्षत दिली. भैय्याजीले दिली. त्याच्या बायकोले दिली. वरच्या किरायदाराले दिली. दूधवाला आला तर त्याच्याही हातावर ठेवली. अन् अक्षतीचं ताट कोण धरून उभा होता? गुणवंत! साऱ्या आळीत तुह्यामागं ताट घेऊन फिरला तो. ताट त्याच्या हाती अन् त्याच्याच हातावर दाणा नाही.

तुम्ही गेल्यावर त्यानं ताट घासून ठेवलं अन् मीटरच्या पेटीकडे तोंड करून बसला. मी म्हटलं काय झालं बे? तर म्हणते, "मले काही नाही."

मले! मले म्हणाला तो! एरवी 'मला', 'आपणास', 'कृपया' करते.

काम सारं करते. चहा देते, औषध देते. पण पेपर वाचून दाखवत नाही, भैय्याजीच्या गोष्टी सांगत नाही. लग्नाले जाऊ म्हटलं तर म्हणते, "तुम्ही जा, मी चार्जिंगवर राहीन." मी काय नाही केलं? नवा दुपट्टा आणून डोक्याले बांधला. ऊन वाढलं म्हणून खिशात कांदा ठेवला. संत्रा बर्फी आणली, मंग लक्षात आलं खात नाही, ती मीच खाल्ली. जावई रुसला तरी येवढं करावं लागत नाही.

बरं, इथवर घरातलं होतं. पण त्या मशीनची रोजची खबर हैदराबादले जाते. परवा कंपनीचा इंजिनिअर आला, हर्षित नावाचा. आपल्या काटोलचाच पोट्टा. त्यानं वायरा लावल्या, सारं तपासलं. जे विचारलं त्याचं उत्तर एकच, "मले काही नाही." हर्षित म्हणते, काका, हा बिघाड हाय. मी म्हटलं, माहा जन्म टर्बाईनवर गेला, बिघाड कोणता अन् रुसवा कोणता ते मले समजते, हा रुसला हाय. तो म्हणते, आमच्या तपासणीत तसा काही प्रकार नाही. दहा-बारा दिवसांनी येऊन घेऊन जाईन. याचं डोकं पुसून टाकू, नवा पीस देऊ, हुबेहूब हाच.

हुबेहूब, म्हणे! त्या नव्याले ठाऊक राहीन का, हे नाव कोणी ठेवलं होतं? त्याले भैय्याजीसमोर घाटोळ्यांचा म्हणून मी पुन्हा कसा सांगू? शोभे, घरात पुन्हा कोणी बोलणारं आलं होतं. मले भीती वाटून राहिली. दवाखान्यात वाटली होती तशीच.

रोशन म्हणते, बाबा, कंपनीचा नियम हाय. त्याचं बोलणं बरोबर असंन. पण मी सांगून ठेवतो, ज्या मांडवात माह्या पोट्ट्याले अक्षत नाही, तिथं मी उभा राहणार नाही. आता मीही रुसलो. अन् हे मीच सांगून राहिलो, म्हणजे समज किती रुसलो असंन.

महादेव


पारशिवनी
१८ एप्रिल २०२५

चि. गुणवंतास आत्याचा आशीर्वाद.

पाकिटात पुडी हाय. पहिले ती उघड, कुंकू सांडू देऊ नको, मंग हे वाच.

अरे वेड्या, तुह्या काकाचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. तुले अक्षत दिली नाही, हो. पण काहून दिली नाही? अक्षत कोणाले देतात? जे येणार असतात त्यांले. ताट कोण धरते? घरचा माणूस. पिंकीचे बाबा ताट धरून गावभर फिरले, त्यांच्या हातावर मी अक्षत ठेवली का? घरच्या पोराले कोणी निमंत्रण देते का? तू ताट धरून मागं मागं आला, मले वाटलं, आपला गुणवंत हाय. तुले द्यायची हाय हे डोक्यातच आलं नाही. भाऊचं वेगळं. तो मामा, त्याचा मान घरी जाऊनच करावा लागते.

पण तुले हे कोण सांगणार होतं? मी रुसायचं शिकवलं अन् हे शिकवायचं राहिलं. म्हणून पुडीतली अक्षत तुह्यासाठी. रीत मोडली तर मोडली.

आता पाकिटातली पत्रिका पाहा. पहिल्या पत्रिका कमी पडल्या म्हणून सावनेरच्या छापखान्यात अजून टाकल्या. पिंकी स्वतः जाऊन बसली तिथं. खाली 'किलबिल' म्हणून लहान पोरांची नावं असतात ना, तिथं पाहा. छापखान्यावाल्यानं विचारलं, गुणवंत केवढा हाय? पिंकी म्हणे, वर्षाच्या आतला. मंग तो म्हणे, किलबिलमध्येच बसते.

म्हणजे समजलं का? तुझं नाव बोलावलेल्यांत नाही. बोलावणाऱ्यांत हाय. आता ताट धर अन् कामाले लाग.

अन् भाऊले सांगजो, रुसायची एका घरात एका वेळी एकाचीच पाळी असते. दोघं रुसले तर मनवायचं कोणी?

तुझी आत्या


नागपूर
२५ एप्रिल २०२५

आत्याले गुणवंतचा नमस्कार.

पुडी मिळाली. मी उघडली, काकांनी माझा तळवा धरला आणि अक्षत ठेवली. काही दाणे बोटांच्या सांध्यात गेले आहेत. हर्षितभाऊंनी काढायला चिमटा आणला होता, पण मी नको म्हटलं.

ते आले त्याची हकीकत सांगतो. खोका घेऊन आले. काका दारात आडवी खुर्ची टाकून बसले होते. भैय्याजी त्यांच्या बाजूला उभे होते, हातात कूलरचा पाइप. हर्षितभाऊ म्हणाले, "काका, मले माझं काम करू द्या ना." त्यांचाही चेहरा पडलेला होता.

तेव्हा मी आतून ताट घेऊन आलो. मले जे पाठ होतं ते केलं. त्यांच्या हातावर अक्षत ठेवली, पत्रिका दिली आणि किलबिलमध्ये लिहिलं आहे तसंच म्हटलं, "आमच्या पिंकीताईच्या लग्नाला यायचं हं!"

हर्षितभाऊंनी अक्षत घेतली. घेऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पत्रिका पाहिली, खालपर्यंत वाचली, माह्याकडे पाहिलं, परत वाचली. मग म्हणाले, "हा तर बोलून राहिला!" काका म्हणाले, "मानला तो. मनवलं का मानते, बिघाड असता तर मानला असता का?" हर्षितभाऊंनी खोका खाली ठेवला. ते म्हणाले, "ज्याच्या हातची अक्षत घेतली त्याले खोक्यात कसं घालू बापा, माह्या आईले समजलं तर ती मले घरात घेणार नाही." मग त्यांनी तपासणीत लिहिलं, 'बिघाड नाही. जागेवरच राहू द्यावे.' रोशनदादाले फोन लावून पत्रिकेचंही सांगितलं. दादांनी विचारलं, "किलबिलमध्ये माझ्या मुलीचं नाव आहे ना?" आहे, त्याच ओळीत आहे. मग दादा म्हणाले, राहू द्या. खोका आता काकांनी कांदे ठेवायला घेतला.

आत्या, मी खरंच रुसलो होतो का रुसल्यासारखं केलं, हे हर्षितभाऊंच्या वायरांना समजलं नाही आणि मलेही सांगता येत नाही. काकांना विचारलं, तुम्ही कसं ओळखता? ते म्हणाले, "आम्ही तरी कुठं ओळखतो? बसायचं तोंड फिरवून अन् पाहायचं कोणी येते का. कोणी आलं तर समजायचं खरं होतं." मी बसलो होतो तेव्हा माझे कान दाराकडे होते, एवढं मला नक्की सांगता येईल.

लग्नाची तयारी चालू आहे. काका रोज मला नवरी म्हणून उभं करतात आणि पाठीशी उभं राहून सराव करून राहिले. हाताचा कंप कमी आहे. भैय्याजी अंतरपाट म्हणून चादर धरतात. काल काका पाठीशी उभे असताना तुझ्याबद्दल एक गोष्ट बोलले. लिहू नको असं काही म्हणाले नाहीत. तरी मी लिहीत नाही. पोटात ठेवली आहे. माझ्या पोटात बॅटरी आहे, पण बाजूला थोडी जागा निघाली.

तुझा भाचा,
गुणवंत महादेवराव घाटोळे

ता. क. शोभे, हे माझं अक्षर. हा पोट्टा खोटं लिहून राहिला, मी तुह्याबद्दल काहीही बोललो नाही. मामाचा फेटा मी आणून राहिलो, तुम्ही आणू नका. अन् एक लहान फेटाही घेतला हाय, कोणासाठी ते विचारू नको. मले काही नाही. — महादेव